न आलेल्या यंत्राची विक्री

व्यापारात माल आधी तयार होतो आणि मग त्याची चर्चा सुरू होते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. गणकयंत्रांच्या, म्हणजे आज रूढ झालेल्या शब्दात संगणकांच्या, व्यापारात हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. येथे यंत्र अजून कागदावरच असते, त्याचे नावही ठरलेले नसते, आणि तरीही ते कोणत्या महिन्यात येणार, त्याच्या पोटात कोणती चिप बसविलेली असणार, त्याची जाहिरात कशी होणार आणि किंमत किती ठेवली जाणार, यांविषयी रकानेच्या रकाने भरून मजकूर प्रसिद्ध होतो. अमेरिकेतील ॲपल या कंपनीच्या बाबतीत तर हा उद्योग बारमाही चालतो. एक यंत्र बाजारात येऊन चार दिवस लोटले नाहीत तोच पुढील यंत्राच्या वावड्या उठू लागतात.

या वावड्यांकडे रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून पाहण्याची एक पद्धत आहे. मला ती मान्य नाही. न आलेल्या यंत्राची बातमी ही आलेल्या यंत्राची विक्री रोखू शकते. ती प्रतिस्पर्ध्याचे गिऱ्हाईक अडवून ठेवू शकते, आणि वेळ फिरली तर ती पसरविणाऱ्यालाच बुडवू शकते. ही तिन्ही उदाहरणे प्रत्यक्ष घडलेली आहेत आणि त्यांवरून उभे राहिलेले खटले न्यायालयांपर्यंत गेलेले आहेत. आपल्या खिशातील पन्नास-साठ हजार किंवा लाख रुपये आज खर्च करावेत की आणखी चार महिने थांबावे, हा सामान्य गृहस्थाचा प्रश्नही शेवटी याच बातमीशी येऊन भिडतो.

याचे मूळ त्या वस्तूच्या स्वभावात आहे. पाटा-वरवंटा किंवा शिवणयंत्र घेताना पुढल्या वर्षी याहून चांगले येईल अशी चिंता कोणी करीत नाही. संगणकाचे तसे नाही. १९६५ साली गॉर्डन मूर या तंत्रज्ञाने असे निरीक्षण नोंदविले की, एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ साली त्यांनी हा काळ दोन वर्षांचा धरला. पुढील कित्येक दशके गाडी बरीचशी याच रुळावरून धावली. त्यामुळे आज घेतलेल्या यंत्राच्या किमतीत उद्या अधिक समर्थ यंत्र मिळणार, ही गोष्ट गिऱ्हाइकाला पक्की ठाऊक झाली. ते नेमके केव्हा मिळणार, एवढेच ठाऊक नसते. गोव्यात मानकुराद प्रथम बाजारात दिसतो तेव्हा डझनाचा भाव ऐकून साधा माणूस पिशवीची घडी करून परत फिरतो आणि महिन्याभराने तोच आंबा आणतो. पण आंब्याच्या हंगामाला शेवट आहे. मिरगाचा पाऊस कोसळू लागला की थांबणाऱ्यालाही निर्णय करावाच लागतो. संगणकाच्या हंगामाला मिरग नाही. थांबणारा मनुष्य अनंत काळ थांबू शकतो, आणि विकणाऱ्याला खरी धास्ती असते ती याच थांबण्याची.

हे थांबणे स्वतःच्या बाजूला वळवून घेण्याचा पहिला मोठा प्रयोग आय.बी.एम. या कंपनीने केला असे म्हणावयास हरकत नाही. १९६० च्या सुमारास मोठे संगणक विकत घेण्यापेक्षा महिनेवारी भाड्याने घेण्याची चाल होती. भाडेकरूला घर बदलणे सोपे असते. डिसेंबर १९६३ मध्ये हनीवेल कंपनीने २०० या क्रमांकाचे यंत्र जाहीर केले. आय.बी.एम.च्या १४०१ या अतिशय लोकप्रिय यंत्रासाठी लिहिलेले कार्यक्रम त्यावर चालविण्याची सोय होती, आणि त्या सोयीला कंपनीने ‘लिबरेटर’ म्हणजे मुक्तिदाता असे झोंबणारे नाव दिले होते. आय.बी.एम.च्या घरात धावपळ उडाली. तिची स्वतःची नवी यंत्रमाला अद्याप पुरती सिद्ध झालेली नव्हती. तरीही ७ एप्रिल १९६४ रोजी थॉमस वॉटसन कनिष्ठ यांनी ‘सिस्टिम ३६०’ ही सबंध मालिका एकाच दिवशी जाहीर करून टाकली.

ही घोषणा कशाची होती हे नीट समजून घेतले पाहिजे. तोवर एकाच कंपनीची लहान आणि मोठी यंत्रेसुद्धा परस्परांची भाषा जाणत नसत. लहान यंत्रावरून मोठ्या यंत्रावर जावयाचे म्हणजे सगळे कार्यक्रम पुन्हा लिहिणे आले. नव्या मालिकेत सहा संगणक होते आणि त्या सर्वांना एकाच बोलीतील आज्ञा समजणार होत्या. कल्पना थोर होती यात शंका नाही. तिच्यासाठी कंपनीने सुमारे पाच अब्ज डॉलर पणास लावले होते. पहिल्याच महिन्यात हजारावर मागण्या नोंदविल्या गेल्या. पहिली यंत्रे गिऱ्हाइकांच्या हाती पडली ती १९६५ मध्ये. जाहीर झालेल्या सहांपैकी ६०, ६२ आणि ७० ही तीन मोठी यंत्रे त्या रूपात कधी आलीच नाहीत. त्यांच्या जागी ६५ आणि ७५ या क्रमांकांची सुधारलेली यंत्रे आली. यंत्रांना चालविणारी मुख्य कार्यप्रणाली तर बरीच रखडली. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी त्या अनुभवावरून १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ लिहिला आणि तो त्या शास्त्रातील एक मान्य ग्रंथ ठरला. पण व्यापाराच्या दृष्टीने घोषणेचे काम केव्हाच होऊन गेले होते. जो गिऱ्हाईक हनीवेलच्या दारात उभा होता तो ‘थोडे थांबून पाहू’ असे म्हणून माघारी वळला होता.

याच मालिकेतील एक प्रकरण पुढे अधिक गाजले. मिनेसोटातील कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या लहान कंपनीने ऑगस्ट १९६३ मध्ये ६६०० हे यंत्र जाहीर केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली जो मोठा संगणक बसविण्यात आला तो याच कंपनीचा, ३६०० या क्रमांकाचा होता. तेव्हा हे नाव आपल्याकडील शास्त्रज्ञांना परके नव्हते. ६६०० चा कर्ता सीमूर क्रे. ते यंत्र आय.बी.एम.च्या सर्वांत वेगवान यंत्राच्या सुमारे तिप्पट वेगाने काम करीत असे. वॉटसन यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक तिखट टिपण पाठविले: त्या प्रयोगशाळेत झाडूवाल्यासकट अवघी ३४ माणसे आहेत, आणि एवढ्या मोठ्या फौजेनिशी आपण पहिला क्रमांक गमावला तो कसा, असा त्याचा आशय होता. त्यानंतर १९६४ सालीच आय.बी.एम.ने सिस्टिम ३६० च्या वरच्या टोकाला ६६०० शी टक्कर देणारे एक अतिवेगवान यंत्र आणण्याचे जाहीर केले. पुढे ते ९१ या क्रमांकाने ओळखले गेले.

कंट्रोल डेटाचे म्हणणे असे की, या घोषणेबरोबर ६६०० च्या मागण्या आटल्या, भाव उतरवावे लागले, आणि ज्या यंत्राने हे केले ते तेव्हा अस्तित्वातच नव्हते. डिसेंबर १९६८ मध्ये तिने आय.बी.एम.वर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. त्यात प्रतिपक्षाच्या यंत्राचे वर्णन ‘कागदी यंत्र’ असे केलेले होते. जानेवारी १९७३ मध्ये तडजोड झाली. आय.बी.एम.ने आपली सर्व्हिस ब्यूरो ही उपकंपनी कंट्रोल डेटाला दिली, आणि तडजोडीचा एक भाग म्हणून कंट्रोल डेटाने मोठ्या कष्टाने तयार केलेली आय.बी.एम.च्या कागदपत्रांची यांत्रिक सूची नष्ट करण्यात आली. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारनेही आय.बी.एम.वर वेगळा खटला भरलेला होता, आणि त्या सूचीचा सरकारला उपयोग झाला असता. तो सरकारी खटला १३ वर्षे चालून १९८२ च्या जानेवारीत काढून घेण्यात आला.

९१ क्रमांकाचे यंत्र ही शुद्ध थाप होती काय? तसे म्हणता येणार नाही. ते पुढे खरोखर तयार झाले, अमेरिकेच्या अवकाश-संशोधन संस्थेत चालले, आणि त्यातील काही युक्त्या आजच्या चिपांमध्येही वापरल्या जातात. पण संख्येने ती यंत्रे थोडीच निघाली, आणि घोषणा व यंत्र यांच्यामध्ये जी वर्षे गेली तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याचे व्हावयाचे ते नुकसान होऊन गेले. ‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’ या म्हणीतील भटजी निदान स्वतःच्याच घरात भांडत होता. येथे बाजारात न आलेल्या तुरींवरून शेजाऱ्याची चूल विझली.

आता नाण्याची दुसरी बाजू. प्रतिस्पर्ध्यावर फेकलेले हे अस्त्र फेकणाऱ्यावरही उलटते, आणि ज्याच्या नावाने हा उलटा प्रहार ओळखला जातो तो मनुष्य लहानपणी तमिळनाडूत वाढलेला होता. ॲडम ऑस्बर्न यांचा जन्म १९३९ मध्ये बँकॉक येथे झाला. वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे निष्ठावंत भक्त असल्याने मुलाचे बालपण तिरुवण्णामलैला गेले. पुढे इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण घेऊन ते ग्रंथकार व प्रकाशक झाले, आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. ‘उचलून नेता येईल’ हे आजच्या अर्थाने घेऊ नये. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, म्हणजे शिवणयंत्राची पेटीच जणू. आणि पडदा अवघा पाच इंचांचा. पण किंमत १,७९५ डॉलर, आणि तेवढ्यात लेखनाचा व हिशेबाचा कार्यक्रमही सोबत मिळे. वेगळे घ्यावयाचे म्हटले असते तर त्या कार्यक्रमांवरच बरीच रक्कम गेली असती. लोकांच्या उड्या पडल्या. भरभराटीच्या काळात महिन्याला दहा हजार यंत्रे विकली गेली.

१९८३ च्या आरंभी ऑस्बर्न आपल्या पुढील यंत्राविषयी मोकळेपणाने बोलू लागले. ‘एक्झिक्युटिव्ह’ या नव्या यंत्राचा पडदा सात इंचांचा असणार होता. दुकानदारांनी हे ऐकले आणि पाच इंची यंत्राच्या मागण्या रद्द केल्या. कालबाह्य ठरणार असा माल दुकानात भरून कोण ठेवणार? नवे यंत्र हाती येईपर्यंत जुन्याच्या विक्रीतून पगार आणि देणी भागवावयाची असतात. ती विक्रीच थांबली. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर केले. व्यापारशास्त्रात तेव्हापासून या प्रकाराला ‘ऑस्बर्न परिणाम’ असे नाव मिळाले.

येथे एक सावधगिरीचा शब्द घातला पाहिजे. ही कथा जितकी सुटसुटीत सांगितली जाते तितकी ती नाही. ऑस्बर्न यांच्या किमतीतच नऊ इंची पडद्याचे केप्रो हे यंत्र १९८२ मध्ये बाजारात आले होते. आय.बी.एम.च्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकाचा साचा सर्वमान्य होत चालला होता आणि त्या साच्याचे, उचलून नेता येण्याजोगे यंत्र कॉम्पॅक कंपनीने १९८३ मध्ये विकावयास काढले होते. कंपनीचा आतील कारभारही सैल होता असे जाणकारांनी पुढे दाखवून दिले आहे. दिवाळ्याचे सगळे खापर एका बडबडीवर फोडणे माझ्या मते न्यायाचे नाही. पण धंद्यातील लोक इतिहासाने जितके शहाणे होतात त्याहून अधिक दंतकथेने होतात. ऑस्बर्नची गोष्ट प्रत्येक संगणक-कंपनीच्या विक्रीखात्यात सांगितली गेली आणि तेथील जिभांना लगाम बसला. ऑस्बर्न स्वतः पुढे भारतात परतले आणि २००३ साली कोडईकनालला वारले.

मोठ्या कंपन्यांच्या जिभांना मात्र तो लगाम तितकासा बसला नाही, कारण मोठ्यांना वाट पाहावयास लावणे परवडते. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज’ नोव्हेंबर १९८३ मध्ये जाहीर केले आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये विक्रीस आणले. अशा मालाला इंग्रजीत ‘व्हेपरवेअर’, म्हणजे वाफेचा माल, हा शब्द त्याच सुमारास प्रचारात आला. इंटेल आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी १९९४ मध्ये एका नव्या घडणीच्या चिपसाठी हातमिळवणी केली. तीच पुढे ‘इटॅनियम’ नावाने ओळखली गेली. ती येणार, येणार म्हणत २००१ साल उजाडले, आणि आली तेव्हा तिने कोणाचेही डोळे दिपविले नाहीत. पण तोवर सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या उच्च दर्जाच्या चिपांचे पुढील काम आवरते घेतले होते, आणि कॉम्पॅकने ‘अल्फा’ ही नामांकित चिप गुंडाळण्याचे २००१ मध्ये ठरविले. न आलेल्या चिपच्या दराऱ्याने आलेल्या चिपा मागे सरल्या, असे हे विलक्षण उदाहरण आहे.

ॲपलने या दोन्ही वाटा सोडून मौनाची वाट धरली. स्टीव्ह जॉब्ज १९९७ साली कंपनीत परतल्यावर ती वाट राजमार्ग झाली. यंत्र सभागृहात पडद्याआडून बाहेर काढावयाचे आणि पुष्कळदा त्याच दिवसापासून त्याची मागणी नोंदवून घ्यावयाची, असा परिपाठ पडला. यात दुहेरी फायदा असतो. आजचे यंत्र अखेरच्या दिवसापर्यंत पुऱ्या किमतीत विकले जाते, आणि गुप्ततेमुळे जे कुतूहल निर्माण होते त्याची जाहिरात वर्तमानपत्रे फुकट करतात. मंगलाष्टके संपेपर्यंत अंतरपाट धरून ठेवावा आणि तो दूर होताच सगळ्या मांडवाने माना उंचावून पाहावे, तसा हा प्रकार आहे. अटकळबाजी ही म्हणून या कंपनीची शत्रू आहे तशीच मैत्रीणही आहे. बातमी अगदीच फुटली नाही तर लोक विसरतील, सगळीच फुटली तर लोक थांबतील. या दोहोंमधील अरुंद पट्टीवर तिचा विक्रीविभाग चालत असतो.

बातमी फुटते तेव्हा कंपनी न्यायालयातही जाते. संगीतकारांना उपयोगी पडेल अशा एका ध्वनियंत्राची माहिती २००४ च्या अखेरीस फुटली. ते यंत्र ‘ॲस्टरॉइड’ या गुप्त नावाने तयार होत होते. माहिती कोणी पुरविली हे बातमीदारांकडून काढून घेण्याचा कंपनीने प्रयत्न केला. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने मे २००६ मध्ये निर्णय दिला की, इंटरनेटवर बातम्या देणाऱ्यांनाही छापील पत्रकारांप्रमाणे आपल्या माहितीचा स्रोत गुप्त ठेवण्याचा अधिकार आहे. याच सुमारास ‘थिंक सीक्रेट’ या बातमीपत्रावर लावलेला दुसरा दावा २००७ च्या डिसेंबरात तडजोडीने मिटला. बातमी देणाऱ्याने आपला स्रोत सांगितला नाही, पण ते बातमीपत्र बंद पडले. यंत्रांच्या वावड्यांमधून वृत्तपत्रस्वातंत्र्याचा प्रश्न निघावा, ही गोष्ट मला त्या यंत्रांहूनही अधिक लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

परंतु मौन नेहमी पाळता येत नाही. जॉब्ज यांनीच जून २००३ मध्ये भर सभेत शब्द दिला होता की, आपल्या नव्या संगणकाची चिप बारा महिन्यांत तीन गिगाहर्ट्झ वेगाला पोहोचेल. चिप घडवीत होती आय.बी.एम., आणि तो वेग काही आला नाही. दुसऱ्याच्या भट्टीच्या भरवशावर दिलेला शब्द होता तो. दोन वर्षांनी, ६ जून २००५ रोजी, ॲपलने इंटेलच्या चिपांकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला. त्याची कुणकुण वर्तमानपत्रांना काही दिवस आधी लागली होती, पण पुष्कळांना ती बातमी खोटी वाटली. हा निर्णय गुप्त ठेवणे अशक्य होते, कारण चिप बदलली की त्यावर चालणारे कार्यक्रमही नव्याने घडवावे लागतात, आणि ते घडविणारे हजारो लोक कंपनीच्या बाहेर असतात. म्हणजे ऑस्बर्न यांनी बोलण्याच्या ओघात जे केले ते ॲपलला जाणूनबुजून करावे लागले. पुढील वर्षी वेगळ्या जातीचे यंत्र येणार हे ऐकून आजचे यंत्र कोण घेणार?

कंपनीने त्यावर दोन उपाय योजले. जुने कार्यक्रम नव्या चिपवर चालतील अशी दुभाष्याची सोय केली, आणि नवे कार्यक्रम दोन्ही जातींच्या यंत्रांवर चालतील अशा रीतीने घडविण्याची पद्धत दिली. त्यामुळे जुने यंत्र घेणाराही उघड्यावर पडला नाही. शिवाय पहिली यंत्रे जून २००६ पर्यंत येतील असे सांगून प्रत्यक्षात ती जानेवारीतच आणली. उशिराचा वायदा करून लवकर माल देणे हा वाट पाहणाऱ्याचा काळ कमी करण्याचा सर्वांत साधा मार्ग होय. २०२० साली ॲपलने इंटेलला सोडून स्वतः आखलेल्या चिपा वापरण्याचे ठरविले तेव्हाही हाच कित्ता गिरवला. २२ जूनला घोषणा झाली, नोव्हेंबरात ‘एम १’ चिपचे पहिले संगणक आले. मध्यंतरी ऑगस्टमध्ये कंपनीने इंटेलच्याच चिपचा एक मोठा आयमॅक विक्रीस काढला, आणि मावळत्या जातीचा तो संगणकही घेणारे निघाले. दोन वर्षांत सगळी यंत्रे बदलू हा वायदा मात्र पुरता पाळला गेला नाही. सर्वांत महागडा मॅक प्रो नव्या चिपसह आला तो जून २०२३ मध्ये.

आता या अटकळी बांधल्या कशा जातात ते पाहू. यात ज्योतिष फार थोडे आणि हिशेब पुष्कळ असतो. ॲपलच्या चिपा तैवानमधील टी.एस.एम.सी. या कंपनीच्या कारखान्यांत तयार होतात आणि एकेक खेप बाहेर पडावयास काही महिने लागतात. पडदे, पेट्या, विद्युत्‌घट यांचे पुरवठादार वेगळे, जुळणी करणारे आणखी वेगळे. इतक्या हातांतून जाणारी वस्तू पूर्णपणे झाकून राहणे कठीणच. शिवाय सरकारी दफ्तरे आहेत. बिनतारी लहरी सोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला अमेरिकेत दळणवळण आयोगाची मान्यता लागते. रशिया व तिच्या शेजारी देशांच्या आर्थिक संघाकडे यंत्रांचे क्रमांक आधी नोंदवावे लागतात, आणि ती यादी उघडी असते. जानेवारी २००७ मध्ये आयफोन विक्रीच्या सहा महिने आधी जाहीर केला गेला, त्याचे एक कारण हेच होते की ती मान्यता घेताना गुपित तसेही राहिले नसते. कार्यप्रणालीच्या चाचणी आवृत्तीत अद्याप न आलेल्या यंत्रांची नावे राहून जातात आणि चिकित्सक लोक ती उकरून काढतात. दुकानात एखादे यंत्र अकस्मात मिळेनासे झाले, घरपोच मिळण्याची तारीख तीन-चार आठवडे पुढे गेली, तर जुन्या मालाची आवक थांबवली असावी असा तर्क करतात. तो पुष्कळदा खरा ठरतो, आणि कधी कधी नुसती टंचाई निघते.

यावरून वावड्यांची प्रतवारी लावता येते. जी गोष्ट लोखंड-काचेच्या रूपात कोठे तरी तयार झालेली आहे तिची बातमी बहुधा विश्वासार्ह असते: पडद्याचा आकार, चिपची पिढी, पेटीचा रंग. महिन्याचा अंदाजही बराच जुळतो. सर्वांत कच्चा अंदाज किमतीचा, कारण किंमत कोणत्याही कारखान्यातून जात नाही. ती चार माणसांच्या खोलीत अगदी शेवटी ठरते. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड येण्यापूर्वी त्याची किंमत हजार डॉलरच्या घरात असेल असे प्रतिष्ठित पत्रांतूनही छापून आले होते. २७ जानेवारीला प्रत्यक्ष आकडा आला तो ४९९ डॉलर. हजाराची धास्ती घेतलेल्या लोकांना पाचशे स्वस्त वाटले. तो मोठा आकडा कंपनीनेच हेतुतः पसरू दिला होता असे म्हणणारे आहेत. त्याला पुरावा नाही. पण गिऱ्हाइकाच्या मनात आधी चढा भाव रुजवून मग उतरता सांगण्याची कला कापडबाजारात वावरलेल्या कोणालाही नवी वाटणार नाही.

राहता राहिला आपला प्रश्न: थांबावे की घ्यावे? मूर यांच्या निरीक्षणावर विसंबून ‘थांबले की स्वस्त मिळते’ असे सरसकट मानण्याचे दिवस राहिलेले नाहीत. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड संगणकगृहांनी मेमरी-चिपांचा साठा उचलावयास सुरुवात केली आणि त्या चिपांचे भाव झपाट्याने चढले. जो दिवाळीनंतर घेऊ म्हणून थांबला त्याला काही ठिकाणी अधिकच मोजावे लागले. ॲपलचे मोठे लॅपटॉप २०२१ पासून बरेचदा ऑक्टोबराच्या आसपास नवे रूप घेत आले आहेत. इंदूरच्या किंवा बेळगावच्या ज्या मुलीचे महाविद्यालय ऑगस्टात उघडते तिला त्या ऑक्टोबराचा फारसा उपयोग नाही. तिने चालू यंत्र घ्यावे आणि नव्याच्या बातम्या वाचण्याचे थांबवावे. ज्याचे जुने यंत्र अजून कुरकुरत का होईना चालते आहे, आणि हव्या त्या यंत्राला बाजारात येऊन वर्ष उलटून गेले आहे, त्याने मात्र त्या महिन्यातील वावड्या अवश्य वाचाव्यात.

आणि या वावड्यांचा सर्वांत चोख फायदा ज्याला नव्याची हौस नाही अशा गिऱ्हाइकालाच होतो, हे सहसा कोणी सांगत नाही. नवे यंत्र येणार याची दुकानदारालाही तितकीच धास्ती असते. ते जाहीर होण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांत जुना साठा तो पडत्या भावात काढतो, आणि आपल्याकडे हा काळ पुष्कळदा दसरा-दिवाळीच्या तोंडावरच पडतो. अशा वेळी पेटी हातात घेतल्यावर तिच्यावरील यंत्राचे साल आणि मेमरीचा आकडा आधी वाचावा. पडत्या भावात निघणारी यंत्रे बरेचदा कमी मेमरीची असतात, आणि ॲपलच्या अलीकडील लॅपटॉपांत मेमरी मागाहून वाढवून घेण्याची सोय नाही.